चैत्राच्या बहराची तयारी दसऱ्यापासून: पुण्यातली बाग, कुंड्या आणि गच्ची

पुण्यातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढता पाय घेतो. जाता जाता हस्ताच्या एक-दोन जोरदार सरी देतो आणि मागोमाग ऑक्टोबर हीट सुरू होते. या वेळी बाग माजलेली असते. जास्वंद अंगभर फुटलेली, गुलाबाचे दांडे उंचच उंच, कुंड्यांत तण, वाफ्यांत केना. हे पाहून हात आधी कात्रीकडे जातो आणि तिथेच गणित चुकतं. या दिवसांतला क्रम असा: आधी तण, मग माती, सर्वांत शेवटी कात्री. तीही मोजक्याच झाडांना.

कारण सरळ आहे. दसरा ते त्रिपुरी पौर्णिमा या पाच आठवड्यांत माती अजून उबदार असते, खोलवर ओल असते आणि मुळं जोमाने वाढतात. डिसेंबरात रात्रीचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरला की बहुतेक झाडांची वाढ मंदावते. फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन तापायला लागतं आणि मार्चमध्ये पारा ३५ च्या वर जातो. म्हणजे आपला वसंत जेमतेम सहा आठवड्यांचा. तेवढ्यात फुटवा, कळी, फूल सगळं उरकायचं, ते मुळांनी आधी करून ठेवलेल्या तयारीवरच होतं. फेब्रुवारीत पोतंभर शेणखत आणून टाकलं, तर त्याचा खरा उपयोग पावसाळ्यात दिसतो.

तण, गोगलगायी आणि पावसाळ्याचा राहिलेला पसारा

माती ओली आहे तोवर तण मुळासकट निघतं. आठवडाभर कडक ऊन पडलं की तेच तण वर तुटतं आणि मूळ आत राहतं. गाजर गवत फुलायच्या आधी उपटलं तर खुशाल खताच्या ढिगात टाका. पांढरी फुलं आली असतील तर ढिगात नको, कारण बी त्यात तगून राहतं. उपटताना हातमोजे हवेतच, अनेकांच्या अंगाला त्याची खाज येते.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी. वरची पात ओढली तर ती हातात येते आणि जमिनीतल्या गाठी आणखी जोमाने फुटतात. खुरप्याने १५ सेंटिमीटरपर्यंत माती उकरून, एकीला एक जोडलेल्या काळ्या गाठी माळेसारख्या ओढून काढाव्या लागतात. त्या पूर्ण वाळेपर्यंत गच्चीवर उन्हात टाका, मगच कचऱ्यात. एका खेपेत लव्हाळा संपत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचं.

आफ्रिकन गोगलगायींचा उपद्रव असेल तर आत्ताच्या दिवसांत त्यांना गाठा. माती कोरडी पडली की त्या शंखाचं तोंड बंद करून दगडाखाली, कुंड्यांच्या बुडाशी, भिंतीच्या फटीत पडून राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात पिल्लावळ घेऊन हजर होतात. संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याजवळ पसरून ठेवायचं, खाली पपईची सालं किंवा कोबीची पानं टाकायची. सकाळी गोणपाटाखाली जमलेल्या गोगलगायी हातमोज्याने किंवा चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ थेट वाफ्यात टाकू नका, माती खराब होते. कुंड्या उचलून बुडाला साबुदाण्याएवढ्या पिवळसर अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही चिरडून टाका.

माती: इथे वेळ घालवा

चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतल्या मातीतलं नत्र धुऊन गेलेलं असतं, माती दबून खाली बसलेली असते आणि वर शेवाळाची हिरवी पापडी धरलेली असते. ज्या कुंडीत पाणी घातल्यावर ते मिनिटभर वर साचून राहतं, तिची माती बदलायला झालीय. पाणी घातल्या घातल्या काठाने सरसर खाली निघून जात असेल तरीही बदलायचीच. काळी माती जास्त असली की ती वाळून आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि पाणी त्या फटीतून वाहून जातं. झाडाच्या मुळाशी माती कोरडी ठणठणीत आणि खालची बशी भरलेली. लोकांना वाटतं, पाणी भरपूर झालं.

सगळ्याच कुंड्या दरवर्षी रिकाम्या करायची गरज नाही. दोन वर्षांत हात लागला नसेल तर करा, नाहीतर वरची दोन इंच माती काढून तिथे कंपोस्ट भरलं तरी भागतं. आत्ता कळीवर असलेल्या झाडांची, मुख्यतः शेवंतीची, माती अजिबात बदलू नका.

मिश्रणाचं प्रमाण असं: दोन घमेली लाल किंवा पोयटा माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक घमेलं कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर मिश्रण मावतं. तेवढ्याला १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ५० ग्रॅम हाडांचा चुरा पुरतो. कोकोपीटची वीट भिजवून एकदा पाणी ओतून द्या आणि पुन्हा भिजवा, त्यात क्षार असतात. सोलापूर रस्त्याला मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांगच आहे. तिथे तयार मिश्रणाची पोती मिळतात, पण पोतं उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. पुष्कळदा त्यात लाल मातीच जास्त असते आणि खताचा नुसता वास.

शेणखताची परीक्षा हातात घेऊन करायची. चांगलं कुजलेलं शेणखत काळपट, भुसभुशीत आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. मूठ दाबली तर चिकटत नाही. उष्ण लागत असेल किंवा शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे. मुळाशी गेलं की मुळं भाजतात आणि पानांच्या कडा करपतात. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकडी, तपकिरी डोक्याची अळी दिसली तर ती हुमणी असू शकते. शेणखत प्लॅस्टिकवर उन्हात पातळ पसरून ठेवा. अळ्या वेचायच्या किंवा कोतवाल-साळुंक्यांवर सोपवायच्या.

कुंडी भरण्याची कृती:

१. एक दिवस आधी पाणी बंद ठेवा. माती किंचित सुकली की गोळा अखंड निघतो.

२. कुंडी आडवी करून काठ लाकडावर हलकेच आपटा. खोड धरून ओढू नका.

३. तळाशी मुळांची गुंडाळी झालेली असते. ती धारदार सुरीने दोन-तीन सेंटिमीटर जाडीची कापून टाका आणि बाजूंनी दोन-तीन उभ्या चिरा द्या. एकूण मुळांपैकी पाव भागापेक्षा जास्त कापायची नाहीत.

४. भोकावर खापराचा तुकडा पालथा ठेवा. खडीचा जाड थर नको. त्याने पाण्याचा निचरा सुधारत नाही, मातीची जागा मात्र जाते.

५. मिश्रण भरताना वर तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. काठोकाठ भरलेल्या कुंडीत पाणी मुरत नाही, माती वाहून जाते आणि शेजाऱ्यांची तक्रार येते.

६. तळातून पाणी येईपर्यंत पाणी द्या आणि सात-आठ दिवस सावलीत ठेवा. ऑक्टोबरचं ऊन मेसारखंच लागतं. मुळं कापलेलं झाड लगेच उन्हात ठेवलं तर दुपारीच मान टाकतं. लोक घाबरून पाणी वाढवतात, मग मुळं कुजतात.

पालापाचोळ्याच्या वाफ्यांवर बाग करणाऱ्यांचं काम थोडं वेगळं. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने रुजवलेल्या या पद्धतीत मातीपेक्षा कुजलेला पाला जास्त, त्यामुळे पावसाळ्यानंतर वाफा खूप खाली बसतो. त्यात काही उकरू नका. वरून नवा पाला, मूठभर निंबोळी पेंड आणि दोन बोटं कंपोस्ट एवढीच भर घाला.

दिवाळीनंतर सोसायटीतल्या मुलांचे किल्ले मोडतात, ती माती बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात पडून राहते. ती उचला. बुरुजांवर पेरलेले हाळीव आणि गहू मुळांसकट तिच्यातच कुजू द्या. फक्त रंगवलेला किंवा सिमेंट-प्लॅस्टर लावलेला भाग वेगळा काढा, आणि नुसती ती माती कुंडीत भरू नका. बहुधा ती चिकण असते, निम्मं कंपोस्ट मिसळल्याशिवाय वीट होते.

दसऱ्याचा झेंडू संपला की झाडं उपटून फेकायची घाई नको. झेंडूच्या मुळांमुळे मातीतल्या सूत्रकृमींना (मुळांना त्रास देणाऱ्या सूक्ष्म किड्यांना) आळा बसतो. झाड जमिनीलगत कापा, मुळं वाफ्यातच राहू द्या आणि तिथे टोमॅटो किंवा वांगी लावा.

खताचा ढीग आत्ता लावला तरच फेब्रुवारीला मिळतो

घरगुती ढिगाला कुजायला तीन ते चार महिने लागतात. दिवाळीच्या आसपास सुरुवात केली तर फेब्रुवारीत खत हातात. तीन फूट लांब-रुंद-उंच जाळी किंवा भोकं पाडलेला ड्रम घ्या. तीन भाग सुका पाला, एक भाग ओला कचरा, मधे मधे मूठभर शेण किंवा जुनं कंपोस्ट, असे थर. निर्माल्य आणि तोरणं चालतात, पण दोरा, तारा, चमकी आधी काढा. सुतळी कुजते, नायलॉन नाही.

ओल तपासायला आतलं मूठभर काढून दाबा. बोटांत ओलसरपणा जाणवावा, पण थेंब गळू नये. थेंब गळले तर हवा कोंडून वास सुटतो; सुका पाला घालून ढीग उलटवा. मुठीत भुगा झाला तर कुजणं थांबलंय, पाणी शिंपडा. दहा दिवसांतून एकदा फावड्याने खालवर करायचं, एवढंच काम. मुंग्या झाल्या म्हणजे ढीग कोरडा आहे.

आपल्याकडे पानगळ खरी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे ऑक्टोबरात सुका पाला कमी पडतो. तेव्हा रसवंतीवरची उसाची चिपाडं मागून आणा. साखरेमुळे मुंग्या लागतात म्हणून ती एक रात्र पाण्यात बुडवून, दोन दिवस वाळवून, मग बोटभर तुकडे करून वापरा. हेच तुकडे वाफ्यावर आच्छादन म्हणूनही चालतात: पाच-सात सेंटिमीटर जाड, खोडापासून चार बोटं लांब. खोडाला टेकवलं की साल कुजते.

गुलाबाची छाटणी

पाऊस पूर्ण थांबून आठ-दहा दिवस कोरडे गेले की गुलाब छाटायचा. पुण्यात तो बहुधा ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा असतो. घाई केली आणि मागाहून पाऊस आला तर कापलेल्या टोकातून बुरशी शिरते, दांडा वरून काळा पडत खाली येतो. यालाच शेंडेमर म्हणतात आणि पुण्यातले बरेच गुलाब त्यानेच जातात.

छाटणीच्या आठवडाभर आधी पाणी कमी करा. मग सुकलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा. तीन ते पाच जाड, निरोगी दांडे ठेवा, असे की मधला भाग मोकळा राहील आणि उजेड बुडापर्यंत पोहोचेल. मोठ्या फुलांच्या जातींचे दांडे दीड ते दोन फुटांवर कापायचे, झुपकेदार फुलांच्या जातींचे फक्त वरचे एक तृतीयांश. वेली गुलाबाला आत्ता हात लावू नका, फक्त वाळकं काढा.

काप बाहेरच्या बाजूला बघणाऱ्या डोळ्याच्या (दांड्यावरच्या सुप्त कोंबाच्या) अर्धा सेंटिमीटर वर, डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतरता असावा. डोळ्यापासून लांब कापलं तर वरचा ठोंब सुकतो आणि सुकणं खाली उतरतं. फार जवळ कापलं तर डोळाच मरतो. कापलेल्या जागी आतला गाभा पांढरट-हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी एक डोळा खाली कापा, पांढरा लागेपर्यंत. प्रत्येक झाडानंतर कात्रीची पाती स्पिरिटने पुसा. कलमाच्या गाठीखालून आलेले फुटवे वरून कापू नका, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा. ते खुंटाचे, म्हणजे ज्यावर कलम बांधलंय त्या झाडाचे असतात, राहिले तर दोन वर्षांत वरचं कलम मारतात.

कापांना बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप लावायचा. घरच्यासाठी प्रमाण: १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या डब्यात रात्रभर भिजवा. धातूचं भांडं नको, मोरचूद ते खातं. चुना उरलेल्या पाण्यात विझवून गार होऊ द्या. मग चुन्याच्या निवळीसकट ढवळत त्यात मोरचूद ओता. जुनं ब्लेड मिनिटभर बुडवून बघा; त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी ब्रशने लावून संपवा, उरलेलं दुसऱ्या दिवशी कामाचं नसतं. हातमोजे घाला आणि डबा मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

छाटणीनंतर माती दोन-तीन इंच हलवून, जमिनीतल्या झाडाला तीन-चार किलो शेणखत, २०० ग्रॅम निंबोळी पेंड, १०० ग्रॅम हाडांचा चुरा. कुंडीला याच्या चौथाई. नवे फुटवे दोन इंच झाले की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. फुटव्यांआधी दिलं तर घ्यायला पानंच नसतात, वाया जातं. पहिला बहर ४५ ते ६० दिवसांत येतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनासाठी गुलाब करणारी मंडळी याच हिशेबाने उलटं मोजून कात्री चालवतात. डिसेंबरातली फुलं तोडताना खाली पाच-पाच पर्णिकांची दोन पानं सोडून लांब दांडा कापा. फेब्रुवारी-मार्चचा बहर तिथूनच फुटतो.

कात्री दूर ठेवायची ती झाडं

आंब्याचा मोहोर पावसाळ्यात पिकलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर येतो. आत्ता शेंडे छाटले की या वर्षीचे आंबे गेलेच. मोठ्या आंब्याला ऑक्टोबरपासून पाणीही देऊ नका; पाणी मिळालं की तो मोहोराऐवजी पालवी काढतो. कैरी वाटाण्याएवढी झाली की पाणी सुरू करा.

कुंद थंडीत फुलतो, म्हणून तोही तसाच राहू द्या. पारिजातक फुलतोय तोवर त्यालाही. शेवंतीला उलट काठीचा आधार द्या. शेवंती रात्र मोठी झाली की कळ्या धरते. रस्त्यावरचा दिवा किंवा गॅलरीतला बल्ब रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती नुसतीच वाढत राहते आणि लोक खताला दोष देतात. कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात हलवली की प्रश्न मिटतो. फुलं संपल्यावर बुडापासून चार बोटं ठेवून कापा, बाजूने आलेले मुनवे पुढच्या लागवडीला ठेवा.

जास्वंद आणि बोगनवेल मात्र छाटून घ्या, एक तृतीयांश, ऑक्टोबर अखेरपर्यंत. बोगनवेलीला त्यानंतर लाड नकोत: पानं जराशी झुकली की पाणी, खत जवळजवळ नाही. रोज पाणी पिणारी बोगनवेल नुसते काटे आणि पानं देते.

पेरणी

पिटुनिया, फ्लॉक्स, ॲस्टर, डायंथस ऑक्टोबरभर पेरता येतात, पॅन्सी नोव्हेंबरात. पिटुनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं. चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर भुरभुरवा आणि वर काहीही टाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. पाणी झारीने नाही, ट्रे पाण्यात ठेवून खालून द्या. रोपं दाट उगवली आणि माती सतत चिंब राहिली की एका रात्रीत जमिनीलगत कोलमडतात. चार-सहा पानांवर हलवायची.

मार्चमध्ये फूल हवं असेल तर हॉलिहॉक आणि स्वीट पी ऑक्टोबरातच जागेवर पेरा. स्वीट पीचं बी रात्रभर भिजवून दोन सेंटिमीटर खोल टोचा आणि जाळी पेरतानाच उभारा. डेलिया, ग्लॅडिओलसचे कंद नोव्हेंबर मध्यापर्यंत. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांचं वेगळं सांगायला नको; दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरत राहा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडून वाळवा, बी फेब्रुवारीत पेरायला ठेवा. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवतोच, तेव्हा वरची माती बदलून घ्या.

झोपणारी झाडं

मे फ्लॉवरची (फुटबॉल लिलीची) पानं नोव्हेंबर-डिसेंबरात पिवळी पडतात, कॅलेडियम तर दिसेनासंच होतं. ही झाडं मेलेली नसतात. कुंडी आडोशाला ठेवा आणि पाणी बंद करा; मे फ्लॉवरला थेट एप्रिलमध्ये द्या. चाफा आणि अडेनियम पानं टाकतात, त्यांनाही पंधरा दिवसांत एखादं भांडं पाणी पुरे. पानं गळली म्हणून रोज पाणी घातलेलं अडेनियम जानेवारीत बुडाशी मऊ लागतं, आणि मग काही करता येत नाही. हळदीची पानं जानेवारी-फेब्रुवारीत वाळली की खणून काढा, जाड गड्डे बेण्याला बाजूला ठेवा.

पाणी आणि कीड

ऑक्टोबरात कुंडीला रोज सकाळी, डिसेंबरात एकाआड एक दिवस, आणि खात्री करायची तर बोटाची दोन पेरं मातीत घालून. पाषाण, एनडीएच्या बाजूला रात्री शहराच्या मध्यापेक्षा जास्त गार असतात, तिथे पाणी आणखी कमी. बोअरचं पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा कुंडीच्या मापाच्या दुप्पट पाणी सलग ओतून साचलेले क्षार धुऊन काढा. मातीवरचा पांढरा थर आणि हिरव्या शिरांची पिवळी पानं ही त्याचीच खूण.

ऑक्टोबर हीटमध्ये जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण, संध्याकाळी, आठ-आठ दिवसांनी तीनदा. खोडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त केला नाही तर कीड परत येते. मुंग्याच तिला राखतात. थंडी पडली की गुलाबाच्या कोवळ्या पानांवर भुरीची पांढरी पूड दिसते. विद्राव्य गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पण तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे जाऊ द्या. दोन्ही एकापाठोपाठ पडली की पानं जळतात.

जानेवारी: मोगरा, लिंबू आणि वेलभाज्या

मोगऱ्याला फूल नव्या फुटव्यावर येतं. छाटला नाही तर जुन्या काड्यांवर चार-दोन फुलं देऊन गप्प बसतो. डिसेंबर अखेर पाणी तोडा: जमिनीतल्या झाडाला १५-२० दिवस, कुंडीतल्याला सहा-आठ. पानं निस्तेज झाली की संक्रांतीच्या सुमारास झाड दीड फुटापर्यंत छाटा, बारीक काड्या बुडापासून काढा आणि उरलेली पानंही खुडून टाका. दिसायला भकास दिसतं, हरकत नाही. माती मोकळी करून १२ इंची कुंडीला दोन ओंजळी कंपोस्ट, ५० ग्रॅम निंबोळी पेंड घाला आणि भरपूर पाणी द्या. रोज सहा तास ऊन हवं. कळ्या मार्चपासून लागतात. नुसती पानं माजली तर दोनच कारणं: ऊन कमी किंवा युरिया जास्त. जाई-जुईची छाटणीही याच दिवसांत.

कागदी लिंबाला असाच ताण देऊन आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरता येतो. डिसेंबरात जमिनीतल्या झाडाचं पाणी तीन-चार आठवडे तोडा; कुंडीतल्याचं पानं झुकेपर्यंतच, म्हणजे पाच-सात दिवस. मग खत आणि पाणी, पण पाणी हळूहळू वाढवत. एकदम भरपूर दिलं तर आलेली फुलं गळतात. लिंबं जून-जुलैत मिळतील. उन्हाळ्यात सरबताला हवी असतील तर हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरातला फुलोरा) धरावा लागतो, आणि ताण द्यायच्या वेळी नेमका पाऊस असल्याने कुंडी आडोशाला नेल्याशिवाय तो जमत नाही.

काकडी, दोडका, दुधी, भेंडी यांचं बी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याआधी टाकू नका. गार मातीत ते रुजण्याऐवजी कुजतं. ऑक्टोबरात लावलेलं कंपोस्ट तोवर चाळायला आलेलं असतं. आळ्यात दोन मुठी कंपोस्ट, दोन सेंटिमीटर खोल तीन बिया, आणि उगवल्यावर एकच दणकट रोप ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटलीत तर ठेवलेल्याचीही मुळं हलतात.